काटा एक्याऐंशीवर अडकला तेव्हा: कीटोवर थांबलेल्या वजनाचे चौदा आठवडे

कीटो, म्हणजे कार्ब अगदी कमी आणि फॅट जास्त असा आहार, सुरू करून पाच महिने झाले होते. ९२.४ किलोवरून वजन ८१.२ वर आलं, ती तारीख ४ मार्च. त्यानंतर २६ दिवस काटा ८१.२ आणि ८२.३ यांच्या मध्येच घुटमळत राहिला. कार्ब दिवसाला ३० ग्रॅमच्या आत, लघवीतले कीटोन (चरबी जळताना बनणारे पदार्थ) दाखवणारी पट्टी रोज जांभळी, तरी आकडा ढिम्म. ३० मार्च ते ५ जुलै या चौदा आठवड्यांत काय केलं, काय फसलं आणि काय लागू पडलं, ते नोंदवहीतून तारखांसकट इथे उतरवतो आहे. घाईत फक्त उपाय हवा असेल तर तो तिसऱ्या आठवड्यात आहे. मात्र पहिले दोन आठवडे गाळले, तर तो उपाय अंदाजानेच करावा लागतो, आणि अंदाजानेच तर वजन अडकलेलं असतं.

आधी मागचा हिशोब. पहिल्या दहा दिवसांत जे तीन किलो उतरले ते बहुतांश पाणी होतं. स्नायू आणि यकृत मिळून साधारण ५०० ग्रॅम ग्लायकोजेन साठवतात आणि प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतात. कार्ब बंद झाले की हा साठा रिकामा होतो. शिवाय इन्सुलिन खाली आलं की मूत्रपिंडं सोडियम जास्त सोडतात आणि सोडियममागे पाणीही जातं. त्यामुळे कीटोवरची सुरुवात सगळ्यांनाच जादूची वाटते, आणि पुढचा प्रत्येक महिना तिच्याशी तुलना करून निराश करतो. हे तीन किलो वगळले तर उरलेल्या वीस आठवड्यांत आठ किलो, म्हणजे आठवड्याला ४०० ग्रॅम, असा माझा खरा वेग होता. मनात मात्र 'महिन्याला तीन-चार किलो' हाच आकडा बसला होता.

वजन अडकलं असं म्हणायला किती दिवस थांबावं? रोजची तूट, म्हणजे खर्चापेक्षा कमी खाणं, ३०० कॅलरींची असेल तर आठवड्याची २,१०० होते. एक किलो चरबी म्हणजे ७,७०० च्या आसपास कॅलरी धरतात, म्हणजे आठवड्याला जेमतेम २७० ग्रॅम. दोन आठवड्यांत अर्धा किलो. आणि पाणी, मीठ, पोटात असलेलं अन्न यांनी रोजचं वजन एक-दीड किलो सहज इकडेतिकडे होतं. म्हणजे चरबी नीट उतरत असली तरी दोन आठवडे काट्यावर काहीच दिसू नये, हे गणितातच आहे. तीन-चार आठवड्यांची सरासरी सरळ रेषेत गेली आणि कमरेचं मापही हललं नाही, तरच त्याला प्लॅटो म्हणावं. पाळी येणाऱ्यांनी तर या महिन्याचं वजन मागच्या महिन्यातल्या त्याच दिवसांच्या वजनाशीच ताडून पाहावं, कारण पाळीआधीचं पाणी एकटंच महिनाभराची घट झाकू शकतं.

३० मार्च ते १२ एप्रिल: काहीही न बदलता मोजणं

हे चौदा दिवस सगळ्यात कंटाळवाणे आणि सगळ्यात उपयोगाचे. नियम एकच होता: खाणं आहे तसंच ठेवायचं, फक्त मोजायचं. मोजायला लागलं की हात आपोआप आखडतो. तो आखडू न देणं हेच अवघड काम.

वजन रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, पाणी पिण्याआधी. काटा कडक फरशीवर, रोज त्याच जागी. सतरंजीवर किंवा हलणाऱ्या लादीवर ठेवला तर तोच माणूस दोन मिनिटांत अर्धा किलो कमी-जास्त भरतो. नोंद रोज करायची, पण निर्णय सात दिवसांच्या सरासरीवर. कमरेचं माप आठवड्यातून एकदा: शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या बरोबर मध्यावर, श्वास सोडून, टेप त्वचेला टेकलेली पण रुतलेली नाही. पँटचा पट्टा जिथे बसतो ते हे ठिकाण नव्हे. दोन आठवड्यांच्या सरासऱ्या ८१.६ आणि ८१.५ आल्या. कमर ९६ सेंटिमीटर, दोन्ही वेळा. म्हणजे गाडी खरोखरच थांबली होती.

आता खाणं. यासाठी एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला छोटा काटा पुरतो. चमचे, वाट्या, मुठी सगळं बाद. तेल मोजायची सोपी युक्ती अशी: बाटलीच काट्यावर ठेवायची, आकडा शून्य करायचा, तेल ओतून बाटली परत ठेवायची. काटा उणे २१ दाखवत असेल तर २१ ग्रॅम तेल गेलं. लोण्याच्या डब्याचं, क्रीमच्या खोक्याचं, चीजच्या लादीचंही तसंच. वाटी भरून तोलत बसण्यापेक्षा हे भराभर होतं आणि वाटीला चिकटलेलं काही हिशोबातून सुटत नाही.

पहिल्याच दिवशी माझ्या 'चमच्या'ची लाज निघाली. १५ मिलीचा सपाट चमचा म्हणजे साधारण १४ ग्रॅम तेल. मी दिवसाला असे दोन चमचे धरत होतो. प्रत्यक्षात दोन वेळा मिळून ४२ ग्रॅम जात होतं. इथे सव्वाशे कॅलरी जास्त. बदाम २० ग्रॅम धरलेले, निघाले ३८, आणखी शंभर. कॉफीतलं क्रीम ३० मिली धरलेलं, दोन कपांत मिळून ७०. आणखी एकशे चाळीस. वहीत रोज १,८५० कॅलरी होत्या, काट्याने २,२२० दाखवल्या. चोरून खाल्लेलं त्यात काहीच नव्हतं. तीन पदार्थ आणि सगळे 'कीटोत चालतात' असे. कार्ब मोजताना आपण डोळ्यांत तेल घालून बसतो आणि फॅट मात्र मोकळ्या हाताने ओततो. ग्रॅममागे नऊ कॅलरी असलेली गोष्टच नेमकी मोजायची राहून जाते.

यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. १९९२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या एका अभ्यासात, 'आम्ही कमी खाऊनही वजन उतरत नाही' असं सांगणाऱ्यांचं खाणं वेगळ्या पद्धतीने मोजलं होतं. त्यांनी ते सरासरी ४७ टक्क्यांनी कमी सांगितलं होतं आणि हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त. त्यांची चयापचयाची गती मात्र ठीकठाक निघाली.

लेबल वाचताना दोन ठिकाणी पाय घसरतो. एक, काही देशांत लेबलवरच्या कार्बच्या आकड्यात तंतू धरलेले असतात, काही देशांत ते आधीच वगळलेले असतात. बाहेरून आलेल्या पाकिटावरून तंतू दुसऱ्यांदा वजा केले तर कागदावर कार्ब शून्याला टेकतात. दुसरं, 'साखरमुक्त' चॉकलेटातलं माल्टिटॉल. त्याला ग्रॅममागे दोनच्या वर कॅलरी असतात आणि रक्तातली साखरही ते वाढवतं. एरिथ्रिटॉलचं तसं नाही. पाकिटावर दोन्ही 'शुगर अल्कोहोल' या एकाच नावाखाली येतात, म्हणून घटकांची यादी वाचावीच लागते. शिवाय मांस कच्चं तोललं की शिजलेलं, ते नोंदीशी जुळायला हवं. १०० ग्रॅम कच्चं मांस शिजून ७५ ग्रॅमच्या आसपास उरतं.

१३ एप्रिल: नवा हिशोब

चौदा दिवस वजन स्थिर आणि खाणं २,२२०, म्हणजे माझा दिवसाचा खर्चही तेवढाच. हा आकडा कुठल्याही सूत्रापेक्षा भरवशाचा, कारण तो स्वतःच्या शरीराने दिलेला असतो. तरी ताळा म्हणून मिफ्लिन-सेंट जॉर सूत्र लावून पाहिलं: किलोतल्या वजनाची दहापट, अधिक सेंटिमीटरमधल्या उंचीची ६.२५ पट, वजा वयाची पाचपट. पुरुषांसाठी त्यात ५ मिळवायचे, स्त्रियांसाठी १६१ वजा करायचे. उंची १७०, वय ४० धरून ९२.४ किलोला १,७९२ येतात आणि ८१.५ ला १,६८३. बैठ्या कामाचा १.४ चा गुणक लावला तर २,५०८ आणि २,३५६. म्हणजे फक्त अंग हलकं झाल्यामुळे दीडशे कॅलरींचा खर्च गेला. सूत्राचे २,३५६ आणि प्रत्यक्षातले २,२२० यांत आणखी १३६ ची फट होती. तिचा मोठा भाग मोबाइलमध्ये सापडला: ऑक्टोबरमध्ये दिवसाला सरासरी ८,५०० पावलं, मार्चमध्ये ५,९००. कमी खाणारं शरीर गुपचूप कमी हलतं. लिफ्ट, बसून फोन, 'नंतर आणू'. व्यायाम चुकवलेला आठवतो, न उठलेलं कोण लक्षात ठेवतं?

नवं लक्ष्य १,७५० कॅलरी ठरवलं. आधी प्रोटीन ठरवायचं, फॅट सगळ्यात शेवटी. हव्या असलेल्या वजनाच्या किलोमागे १.६ ग्रॅम, म्हणजे ७२ किलोला ११५ ग्रॅम. त्याच्या ४६० कॅलरी. कार्ब २५ ग्रॅम, १०० कॅलरी. उरल्या १,१९०, त्याला नऊने भागलं की फॅट १३२ ग्रॅम. आधी मी प्रोटीन ८० आणि फॅट जवळजवळ २०० ग्रॅम खात होतो. प्रोटीन वाढवलं तर त्याची साखर होऊन कीटोसिस (शरीर मुख्यतः चरबी आणि कीटोनवर चालण्याची अवस्था) मोडेल, ही भीती कीटोवाल्यांत फार पसरलेली आहे. प्रोटीनपासून ग्लुकोज बनतं हे खरं, पण शरीर ते मुख्यतः गरजेपुरतंच बनवतं. वजन उतरताना स्नायू टिकवायला आणि पोट भरल्यासारखं वाटायला प्रोटीनच लागतं. शिवाय त्याच्या कॅलरींपैकी २० ते ३० टक्के पचवण्यातच जातात. फॅटच्या फार तर तीन टक्के.

फॅट कमी करायचं म्हणजे 'हाय फॅट' डाएट सोडायचं का? नाही. कार्ब खाली ठेवल्यामुळे कीटोसिस टिकतं. फॅट हे इंधन आहे, आणि वजन उतरवायचं असेल तर त्यातलं काही अंगावरून यायला हवं. मिरगीच्या उपचारासाठी १९२१ पासून दिला जाणारा कीटोजेनिक आहार वेगळ्या हेतूने बेतलेला असतो. तिथे फॅटचं प्रमाण मुद्दाम खूप चढं ठेवतात. ते प्रमाण उचलून वजन उतरवण्याच्या ताटात घातलं की माझ्यासारखे २०० ग्रॅम होतात.

पट्टीबद्दलही इथेच सांगतो. लघवीची पट्टी अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट हा कीटोन दाखवते, आणि पाणी किती प्यालो यावर तिचा रंग गडद-फिका होतो. रक्तातला बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट हा दुसरा कीटोन मोजणारं यंत्र जास्त विश्वासाचं, ०.५ ते ३ मिलीमोल म्हणजे आहारामुळे आलेलं कीटोसिस. पण कीटोन अंगावरच्या चरबीतून आले की कॉफीतल्या लोण्यातून, हे दोन्हींपैकी एकही सांगत नाही. एप्रिलमध्ये क्रीम आणि वरचं तेल गेल्यावर माझा आकडा १.८ वरून ०.८ वर आला आणि त्याच सुमारास वजन उतरायला लागलं. रक्ताच्या पट्ट्या हा या सगळ्या खटाटोपातला एकमेव मोठा खर्च होता. ज्यांना डॉक्टरांनी सांगितलेलं नाही त्यांनी तो वाचवावा आणि तेवढ्यात एक चांगला काटा घ्यावा.

पहिले तीन आठवडे आणि संयम

१३ एप्रिलपासून दोनच बदल: फॅटची कात्री आणि पावलं परत ८,५०० वर. पहिल्या आठवड्याची सरासरी ८१.३. दुसऱ्या आठवड्यात हौसेने वजनं उचलायचा व्यायाम सुरू केला आणि सरासरी ८१.६ झाली. दुखऱ्या स्नायूंमध्ये पाणी साठतं, दोन-तीन आठवडे राहतं. ही चूक माझी: या दोनांपलीकडे काही बदलायचं नाही हे ठरलेलं असताना तिसरा बदल घुसवला आणि मग कशाचा परिणाम कशावर, याचा गुंता झाला. व्यायाम वाईट नव्हता, वेळ वाईट होती. त्या आठवड्यात कमर मात्र ९५.५ आली होती. टेप नसती तर मी तिथेच वैतागून आणखी २०० कॅलरी तोडल्या असत्या.

पाणी साठवणारी आणखी मंडळी: मिठाचं जेवण, अपुरी झोप, बद्धकोष्ठता, स्टेरॉइडची औषधं. मिठाचं उलटंही होतं. कीटोवर मीठ फार कमी पडलं की डोकं दुखतं, पायात गोळे येतात. मग मीठ वाढवल्यावर दोन दिवसांत किलोभर वाढतं आणि माणूस घाबरून ते पुन्हा तोडतो. ते वाढलेलं पाणी आहे, चरबी नाही. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी मात्र मिठाचा निर्णय डॉक्टरांवर सोडावा.

तुटीच्या चौथ्या आठवड्यात वजन चार दिवसांत ९०० ग्रॅमनी खाली घसरलं. याला 'वूश' म्हणतात. रिकाम्या झालेल्या चरबीच्या पेशी पाण्याने भरतात आणि एके रात्री ते सोडतात, ही त्यामागची लोकप्रिय कथा. मला तिचा पुरावा कुठे दिसला नाही. साठलेलं पाणी गेलं, एवढं पुरेसं आहे. भुकेची वेळ मात्र याच आठवड्यात आली, रोज संध्याकाळी सहाच्या सुमाराला. ३० ग्रॅम प्रोटीन दुपारकडून काढून त्या वेळेला सरकवलं आणि ती निभावली.

मेच्या पहिल्या आठवड्यात रक्त तपासणी

हे खरं तर आधी करायला हवं होतं. टीएसएच (थायरॉइडसाठी), एचबीए१सी (सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल, युरिक अ‍ॅसिड, क्रिएटिनिन. दहा-बारा तास उपाशी, पाणी चालतं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर त्या किमान दोन दिवस आधी डॉक्टरांना विचारून बंद करा, नाहीतर थायरॉइडचा आकडा फसवा येतो. कमी खाण्याने आणि कमी कार्बने टी३ हे थायरॉइडचं संप्रेरक थोडं खाली येतं. टीएसएच ठीक असेल तर तेवढ्यावरून थायरॉइडचा आजार ठरत नाही. काहींचं एलडीएल ('वाईट' कोलेस्टेरॉल) कीटोवर बरंच चढतं, आणि ते वजनकाट्यावर कळत नाही. रिपोर्ट दोन दिवसांनी आले, डॉक्टरांची वेळ नऊ दिवसांनी मिळाली. जाताना तीन गोष्टी न्याव्यात: वजनाच्या सरासऱ्या, दोन आठवड्यांची खाण्याची वही आणि सगळ्या औषधांची यादी. इन्सुलिन, काही मानसोपचाराची औषधं आणि स्टेरॉइड वजन धरून ठेवू शकतात, पण ती आपल्या मनाने बंद करायची नसतात. मधुमेहासाठी एसजीएलटी२ गटातल्या गोळ्या चालू असतील तर कीटोवर केटोअ‍ॅसिडोसिसचा (कीटोन साठून रक्त घातक आम्लधर्मी होण्याचा) धोका असतो, तोही साखर फारशी चढलेली नसताना. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातल्या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर एकदम खाली जाऊ शकते. यांनी पहिल्या दिवसापासून डॉक्टरांच्या नजरेखालीच राहावं.

२४ मेपर्यंत, म्हणजे सहा आठवड्यांत, सरासरी ८१.५ वरून ७९.४ झाली. हिशोबाने २.५ किलो यायला हवे होते, २.१ आले. एवढा फरक वहीच्या चुकांत जिरतो.

२५ मे ते ७ जून: मुद्दाम थांबा

आता चिडचिड वाढली होती, झोप मोडत होती, पावलं पुन्हा ७,००० वर घसरली होती. म्हणून दोन आठवडे तूट बंद ठेवली: २,१५० कॅलरी, वाढ सगळी फॅटमध्ये. कार्ब ४० ग्रॅमच्या आतच ठेवले, म्हणजे ग्लायकोजेनचं पाणी मध्ये येऊन हिशोब बिघडवणार नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॅटाडोर नावाच्या ऑस्ट्रेलियन प्रयोगात लठ्ठ पुरुषांना दोन आठवडे तूट, दोन आठवडे समतोल असं आलटून पालटून खायला दिलं, तेव्हा सलग तूट ठेवणाऱ्यांपेक्षा त्यांची चरबी जास्त उतरली. पुढच्या काही प्रयोगांत तेवढा फरक दिसला नाही. म्हणून मी हा थांबा चयापचय 'रीसेट' करायला घेतला नाही, थकवा उतरवायला घेतला. सरासरी ७९.८ झाली. ४०० ग्रॅम वाढलेले पाहून पोटात गोळा आला, हे कबूल.

'चीट डे' म्हणजे असा थांबा नव्हे. एका दिवसात ३०० ग्रॅम कार्ब खाल्ले की त्यातल्या साठ्यासोबत जवळपास किलोभर पाणी चढतं, ते उतरायला चार-पाच दिवस जातात, आणि तेवढे दिवस काटा काहीच सांगू शकत नाही. नुसती अंडी-चीज खाण्याचे किंवा नुसतं फॅट खाण्याचे चार-पाच दिवसांचे उपायही असेच. आकडा हलतो, त्यातला बराचसा पाण्याचा असतो आणि नेहमीचं जेवण सुरू झालं की परत येतो.

८ जून ते ५ जुलै पुन्हा तूट, या वेळी १,७०० कॅलरी, कारण अंग आणखी हलकं झालं होतं. पावलं ९,०००. तेल बाटलीसकट तोलायची सवय आता हाताला लागली आहे, बदाम मात्र अजून तोलूनच घ्यावे लागतात. अंदाज पुन्हा पंधरा ग्रॅमनी चुकलाच. ५ जुलैला सात दिवसांची सरासरी ७८.४, कमर ९२.५ सेंटिमीटर. पुढचा हिशोब ७६ वर मांडायचा, तोपर्यंत १,७०० तसेच. काटा त्याआधीच तीन आठवडे थांबला तर वहीत पहिली ओळ तीच: चौदा दिवस, काहीही न बदलता.